खेळता खेळता शिकणे

मुलांनो, तुमचा धाकटा भाऊ रिकाम्या काडेपेट्यांची आगगाडी करतो. "पालघर, उमरोळी, बोईसर!" असे ओरडतो. त्याला हसू नका. तो शिकत आहे. तो डबे मोजतो, स्टेशनांचा क्रम लक्षात ठेवतो. समोर नसलेली गाडी मनात पाहतो. हीच कल्पनाशक्ती. काडेपेटीत गाडी पाहणाऱ्या मुलाला ५ या अंकात पाच वस्तू पाहणे सोपे जाते.

खेळातून मूल शिकते, हे ताराबाई मोडक यांनी ओळखले होते. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी गावी त्यांनी १९४५ साली बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखत. ती शाळेत कशी येणार? म्हणून शाळाच कुरणात गेली. महाग खेळणी नव्हती. खडे, पाने, बिया हेच साहित्य झाले.

आज घरी गेल्यावर भावाचा खेळ मोडू नका. "गाडी कुठे चालली?" असे विचारा आणि त्याचे उत्तर ऐका.

शब्दार्थ : कुरण – गुरे चरण्याची जागा.

स्वाध्याय : शाळा कुरणात का गेली?