‘सुहैली’ आणि ‘म्हादेई’ : दोन शिडांच्या नौकांची तुलना

टिटवाळ्याजवळून वाहणारी काळू नदी उल्हास नदीस मिळते व ते सर्व पाणी कल्याणच्या खाडीतून पुढे समुद्रास जाते. १६५७ साली कल्याण व भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आल्यावर याच खाडीच्या आश्रयाने मराठी आरमाराची आरंभीची जहाजे बांधली गेली, हे विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचले आहेच. तेव्हा नौकेच्या गुणदोषांचा विचार करणे आम्हांस परके वाटण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखात आम्ही आपल्याच किनाऱ्यावर बांधलेल्या दोन नौका समोरासमोर ठेवणार आहो. दोहोंनीही एकट्या माणसास घेऊन, वाटेत कोणत्याही बंदरास न लागता, पृथ्वीप्रदक्षिणा केली आहे. मात्र एक लहान आहे व दुसरी बरीच मोठी. यांपैकी चांगली कोणती?

पहिली ‘सुहैली’. ही १९६३-६४ च्या सुमारास मुंबईस सागवानी लाकडाची बांधली गेली. लांबी ३२ फूट, डोलकाठ्या दोन. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्रज दर्यावर्दी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातील फालमथ बंदरातून निघाले व २२ एप्रिल १९६९ रोजी, म्हणजे ३१२ दिवसांनी, तेथेच परतले. एकट्याने व न थांबता अशी प्रदक्षिणा त्यापूर्वी कोणीही केली नव्हती. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. ती पुरी करणारे हे एकटेच.

दुसरी ‘म्हादेई’. गोव्यात दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली व २००९ साली भारतीय नौदलाच्या स्वाधीन झाली. लांबी ५६ फूट, वजन सुमारे २३ टन, डोलकाठी एकच, पण ती सुमारे २५ मीटर उंच. हिचे अंग लाकडाच्या गाभ्यावर काचतंतूंचे थर चढवून केलेले आहे. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये हिच्यातून चार बंदरांत थांबे घेऊन प्रदक्षिणा केली. एकट्याने हे करणारे ते पहिले भारतीय होत. पुढे अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई सोडली व कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी, १५० दिवसांनी, ते परत आले.

आता वेगाचा हिशेब करू. नौका चालताना पाण्यात लाट उठविते व स्वतःच त्या लाटेच्या कुशीत अडकते. लाट जितकी लांब तितकी ती वेगाने धावते. म्हणून नौकेची वेगमर्यादा तिच्या लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. ५६ ला ३२ ने भागिले असता १.७५ येतात व त्याचे वर्गमूळ सुमारे १.३२. म्हणजे लांबी पाऊणपट वाढविली, तरी वेगमर्यादा सुमारे एकतृतीयांशानेच वाढते.

प्रत्यक्षात काय घडले? ‘सुहैली’ने सुमारे ३०,००० सागरी मैल काटले, तिची सरासरी ताशी सुमारे ४ मैल पडते. ‘म्हादेई’ने सुमारे २३,००० मैल काटले, तिची सरासरी ६.४ च्या आसपास पडते. हे प्रमाण १.६ झाले, १.३२ नव्हे. हा जास्तीचा भाग कोठून आला? उंच शिडांतून, अंगाच्या सुटसुटीत घडणीतून व मागाहून आलेल्या साधनांतून. केवळ दिवस मोजून ३१२ व १५० यांची तुलना करणारा विद्यार्थी फसेल. कारण दोघांचे मार्ग सारख्या लांबीचे नव्हते.

परंतु वेग हाच एक गुण नव्हे. ‘सुहैली’च्या तळाचा कणा लांबच लांब असल्यामुळे ती सहसा दिशा सोडीत नाही. वाटेत तिचे आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी शिडांचा तोल साधून तिला मार्गावर ठेविले. तिचे शीड एका माणसास आवरते. ‘म्हादेई’चे शीड फाडू पाहणारा वारा एका माणसाच्या बळास भारी आहे; तेथे यंत्रांचे साहाय्य हवे. उलटपक्षी, दक्षिण महासागराच्या अजस्र लाटांत मोठ्या नौकेस लहानीइतके हेलकावे बसत नाहीत व अन्नपाणीही अधिक मावते.

या शेवटच्या मुद्द्याचा कठोर दाखला टॉमी यांच्याच चरित्रात आहे. २०१८ च्या शर्यतीसाठी त्यांनी ‘सुहैली’चीच प्रतिकृती असलेली ‘थुरिया’ ही नौका गोव्यात बांधवून घेतली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने ती उलथली, डोलकाठ्या मोडल्या व टॉमी यांच्या पाठीस जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांस वाचविले. मात्र येथे घाईने निकाल देऊ नये. तेच टॉमी २०२२ च्या शर्यतीत ३६ फुटी नौकेतून उतरले व एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. म्हणजे लहान नौका जात्याच अपात्र ठरत नाही. तिच्यात चुकीस व दुर्दैवास जागा थोडी असते, इतकेच.

तेव्हा आमच्या मते ‘चांगली कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या कामास, कोणत्या पाण्यात व किती हातांनी?’ हे शब्द त्यास जोडावयास हवेत. स्वतःच्या हातांनी दुरुस्त करता येईल अशी, कमी गरजांची नौका हवी असेल, तर ‘सुहैली’. वेग, साठा व पुष्कळ माणसांचे शिक्षण साधावयाचे असेल, तर ‘म्हादेई’. तिच्याच आराखड्यावर बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये व दोघींनी २०२४-२५ मध्ये प्रदक्षिणा पुरी केली, हे त्या आराखड्याच्या योग्यतेचे पुरेसे प्रमाण होय.

कोणत्याही दोन वस्तूंची तुलना करताना विद्यार्थ्यांनी हीच रीत धरावी : प्रथम माप, मग हिशेब, मग हेतू, आणि निकाल सर्वांत शेवटी.