चंद्र दूर सरकतो
पुनवेचा चंद्र आपण सारेच पाहतो. हा चंद्र दरवर्षी दोन बोटे दूर सरकतो. खोटे वाटेल, पण हे मोजलेले आहे. १९६९ साली माणसे चंद्रावर उतरली. त्यांनी तेथे आरसा ठेवला. पृथ्वीवरून सोडलेला उजेड त्यावर आपटून अडीच सेकंदांत परत येतो. त्या वेळेवरून अंतर कळते.

हे घडते भरतीमुळे. चंद्राच्या ओढीने समुद्र फुगतो. पृथ्वी भरभर फिरते, म्हणून तो फुगवटा चंद्राच्या पुढे जातो नि चंद्राला पुढे ओढतो. त्यामुळे चंद्र लांब जातो. इकडे पृथ्वी मंदावते, दिवस लांबतो. चाळीस कोटी वर्षांपूर्वी दिवस सुमारे २२ तासांचा होता. वर्षात ४०० दिवस! दगड झालेल्या पोवळ्यांवरच्या रोजच्या रेघा मोजून हे कळले.

मग उधाण बंद पडेल काय? कोळीदादा, भिऊ नका. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर आहे. पुनव-अवसेचे उधाण तुमच्या नातवंडांनाही असेच येईल.