तरंगमपाडी : डिंगमारांच्या नगरीचे तीन ऋतू

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त साहुकारांविषयी जे प्रकरण आहे, त्यात टोपीकर लोकांची नामावळी येते. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच, इतके आपणांस ठाऊक असते. त्या नामावळीत ‘डिंगमार’ असाही एक शब्द भेटतो, आणि तेथे वाचणारा अडतो. वर्गात दरवर्षी कोणी तरी हात वर करून विचारतोच की, बाई, हे डिंगमार कोण? डिंगमार म्हणजे डेन्मार्क देशाचे लोक. इंग्रजांप्रमाणे त्यांनी येथे साम्राज्य स्थापिले नाही, म्हणून आपल्या क्रमिक पुस्तकांत त्यांना फारसा थारा मिळालेला नाही. परंतु त्यांनी आपल्या देशात एक छोटेसे नगर वसविले, सव्वादोनशे वर्षे ते राखिले, आणि त्यांतील पाऊणशेहून अधिक वर्षे त्या नगराचे भाडे त्यांनी मराठी राजाच्या पदरी टाकिले. ते नगर तमिळनाडूत कावेरीच्या मुखाजवळ आहे. त्याचे नाव तरंगमपाडी. युरोपीय जिभेने त्याचे ‘ट्रांकेबार’ केले.

डेन्मार्कचा राजा चौथा क्रिश्चन याच्या आश्रयाने १६१६ साली एक व्यापारी कंपनी निघाली. ओव्हे गेद्दे नावाच्या दर्यासारंगाच्या हाताखाली तिची जहाजे १६१८च्या अखेरीस कोपनहेगनहून निघाली आणि आफ्रिकेला वळसा घालून, वाटेत रोगराईने कित्येक माणसे गमावून, १६२० साली इकडे पोहोचली. त्या वेळी तंजावरास रघुनाथ नायक राज्य करीत होता. त्याने वार्षिक खंडणीच्या अटीवर त्यांना समुद्रकाठची ही जागा दिली व डेन्मार्कच्या राजास सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेले पत्र पाठविले. ते पत्र आजही कोपनहेगनच्या दप्तरखान्यात जपून ठेविलेले आहे. पुढे १६७५-७६च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले आणि डिंगमारांचे भाडे भोसल्यांकडे येऊ लागले.

येथे एक गंमत पाहा. आज्ञापत्र १७१५च्या सुमारास सिद्ध झाले. टोपीकरांना वखारीसाठी जागा द्यावयाचीच तर ती समुद्रालगत अथवा खाडीच्या मुखाशी देऊ नये, आत मुलखात द्यावी, असा त्यातला इशारा आहे. नायकाने पंचाण्णव वर्षांपूर्वी नेमके याच्या उलट केले होते. मग नायक भोळा होता काय? मला तसे वाटत नाही. पोर्तुगीज आणि वलंदेज या दोघांच्या चढाओढीत तिसरा गिऱ्हाईक हाताशी असावा, हा हिशेब त्यात असावा. अमात्यांचा इशारा इंग्रजांच्या बाबतीत खरा ठरला, हे मात्र कोण नाकारील?

तरंगमपाडी मी तीनदा पाहिली, आणि तीनही वेळा ऋतू निराळा होता. याचे श्रेय माझ्या रसिकतेस नाही, शाळेच्या सुट्ट्यांस आहे. शिक्षकाच्या प्रवासाचे पंचांग शाळाच ठरविते.

बेळगावहून बेंगळूर ओलांडून मयिलादुतुरै स्थानकावर उतरावे. तेथून सुमारे ३० किलोमीटरवर हे गाव आहे. पहिल्या खेपेस मी मे महिन्यात गेले. वाटेतले कालवे कोरडे ठाक, भातखाचरांना भेगा पडलेल्या. तिकडे या दिवसांस ‘अग्निनक्षत्र’ म्हणतात आणि ते नाव अन्वर्थक आहे. १७९२ सालच्या पांढऱ्या नगरद्वारातून आत शिरले की सरळ समुद्रापर्यंत जाणारा राजरस्ता लागतो. डेन लोक त्यास ‘कोंगेन्सगाडे’ म्हणत. आज तो ‘किंग स्ट्रीट’ आहे. दुपारी बारा वाजता त्या रस्त्यावर एक कुत्रेदेखील नव्हते. पण इमारती कशा बांधल्या आहेत, हे पाहावयाचे असेल तर हाच ऋतू. जाड भिंती, उंच छते, खांबांच्या खोल पडव्या यांचे प्रयोजन मे महिन्यातच अंगाला कळते. हॅम्लेटच्या नाटकातील एल्सिनोर हे डेन्मार्कमधील किनाऱ्यावरचे छोटे नगर. नगराच्या टोकाला समुद्रावर नजर ठेवणारा किल्ला, ही त्याची ठेवण. तरंगमपाडीची आखणी मला त्याच घराण्यातील वाटली : तट, वेस, राजरस्ता, देऊळ आणि टोकाला डान्सबोर्ग किल्ला. परंतु एल्सिनोरमध्ये घर बांधताना ऊब आत कोंडावयाची असते, येथे ती बाहेर ठेवावयाची. आराखडा तिकडला आणि पडवी इकडली, अशी ही तडजोड आहे.

तिकडून आलेल्या कारकुनाची प्रथम काय अवस्था होत असेल? कोपनहेगनला जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांचा, तर डिसेंबरात जेमतेम सात तासांचा असतो. तरंगमपाडी विषुववृत्तापासून अवघ्या ११ अंशांवर आहे. तेथे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सुमारे सव्वा तासाचाच फरक. त्याच्या ओळखीचा वसंत नाही, हिमाचा शिशिर नाही. येथे ऋतू उजेडाने बदलत नाहीत, वाऱ्याने बदलतात.

हा वारा मला दुसऱ्या खेपेस भेटला. दिवाळीच्या सुट्टीत गेले ते ऐन पावसात. आमच्या घरी कोकणी बोलतात, आणि पाऊस म्हटला की तो मृगाचा, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले. आपल्याकडे दिवाळीला पाऊस परतलेला असतो, निपाणीच्या रानात तंबाखू उभा असतो. तिकडे त्याच वेळी आकाश फुटते. याचे कारण नीट समजून घ्या. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून येणारे वारे अरबी समुद्रातील बाष्प आणतात. सह्याद्रीला थडकून ते आपल्या पदरात पाऊस टाकतात आणि पलीकडे जातात ते कोरडे होऊन. म्हणून आषाढात खानापूरच्या रानात धो धो कोसळत असता कावेरीच्या मुखाशी वळवासारख्या चार सरी पडल्या तर पडतात. ऑक्टोबरात वारा फिरतो. ईशान्येकडून येणारा हा वारा बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन पूर्व किनाऱ्यावर आदळतो, आणि त्या भागाच्या वर्षभराच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस डिसेंबरअखेरपर्यंत पडून जातो.

तथापि आपला पाऊस त्यांना मुळीच मिळत नाही, असेही नाही. कोडगूच्या डोंगरात आषाढ-श्रावणात पडलेले पाणी कावेरीतून वाहत वाहत, मेट्टूरचे धरण ओलांडून, ऑगस्टच्या सुमारास या मुखाशी पोहोचते. तमिळ लोक आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीच्या पुराचा सण करतात. डोक्यावर ढग नसताना पुराची पूजा! तो सोहळा पाहण्याचा योग मला आलेला नाही. ऑगस्टात शाळा कोण सोडणार?

त्या दिवाळीत किल्ल्याच्या तटावर उभी राहिले तेव्हा समुद्र गढूळ, उंच आणि संतप्त होता, आणि एकही होडी पाण्यात नव्हती. तेव्हा एका गोष्टीचा उलगडा झाला. या किनाऱ्यास नैसर्गिक बंदर नाही. जहाजे दूर नांगरून ठेवीत आणि काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या होड्यांतून लाटा तोडून माल चढवीत-उतरवीत. खिळे मारलेली होडी त्या लाटांत खिळखिळी होई, शिवलेली होडी लवचीकपणाने तरून जाई. पण ऑक्टोबर ते डिसेंबर या वादळी दिवसांत हेही अशक्य. दर्यावर्दी त्याआधीच हा किनारा सोडून जात. म्हणजे यापुढे कित्येक आठवडे डान्सबोर्गच्या गव्हर्नराला ना जहाज, ना पत्र, ना मदत. खालच्या मजल्यावरील कमानींची कोठारे मेमध्ये मला उगीचच ऐसपैस वाटली होती. मिरी आणि कापड जहाजे येईपर्यंत साठवून ठेवावयाचे, तर कोठार मोठे लागणारच.

तिसऱ्या खेपेस नाताळानंतर, जानेवारीच्या आरंभी गेले. भात पिकत आलेले, हवा सौम्य, रस्त्यांवर पोंगलची लगबग. सुखासाठी जावयाचे तर हाच काळ. सूर्य समुद्रातून वर येताना पाहणे, हे आम्हां पश्चिम किनाऱ्याच्या माणसांना अपूर्वच. आम्ही त्याला समुद्रात बुडतानाच पाहतो.

याच खेपेस मी १७१८ सालचे न्यू जेरुसलेम चर्च सावकाश पाहिले. ते उभारणारा त्सीगेनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक डेन्मार्कच्या राजाने पाठविला, तो १७०६ साली येथे पोहोचला. येथे त्याने तमिळचा अभ्यास केला, छापखाना घातला आणि बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापला. धर्मप्रसार हा त्याचा हेतू. पण लोकांची भाषा आधी शिकावी लागते, हे त्याने ओळखले. याच मिशनात १७५० साली श्वार्त्स आला. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांच्या शिक्षणाची काळजी वाहिली ती त्याने. सरफोजींनी पुढे सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, १८०५ साली देवनागरी छापखाना काढला आणि त्यातून इसापाच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापविल्या. श्वार्त्स १७९८ साली वारला, तेव्हा त्याचे संगमरवरी स्मारक फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतले ते सरफोजींनीच. आणखी एक योगायोग : बंगालमधील श्रीरामपूर हेदेखील डिंगमारांचेच ठाणे. इंग्रजी कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना मज्जाव होता, म्हणून विल्यम केरी तेथे आश्रयाला राहिला, आणि त्याचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथेच छापले गेले.

१८४५ साली तरंगमपाडी आणि श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी डेन्मार्कने साडेबारा लाख रुपयांस इंग्रजांना विकली. तंजावरचा कारभार १७९९ सालीच इंग्रजांच्या हाती गेला असल्यामुळे मूळ मालकास विचारण्याचे कारणच उरले नव्हते.

किल्ल्याच्या उत्तरेस, लाटांच्या अगदी तोंडाशी मासिलामणिनाथाचे मंदिर आहे. मारवर्मन कुलशेखर पांड्याच्या काळात १३०६ साली ते बांधले गेले, तेव्हा समुद्र बराच दूर होता. पुढला भाग समुद्राने केव्हाच नेला. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट याच किनाऱ्यावर चढली. ही नगरी तेव्हा ज्या नागपट्टिनम जिल्ह्यात होती, तेथे सहा हजारांहून अधिक माणसे गेली. डान्सबोर्ग उभा राहिला. कोळ्यांच्या झोपड्या राहिल्या नाहीत. आता किनाऱ्याला मोठमोठ्या दगडांचा बांध घातलेला आहे, आणि कित्येक जुनी घरे डागडुजी करून उभी केली आहेत. मी गेले त्या सकाळी समुद्र तळ्यासारखा निवांत होता. त्या बांधावर बसून काही कोळी जाळी विणीत होते, आणि मधून मधून हात थांबवून पाण्याकडे पाहत होते.