ताईला भेटून ये

नरपड, ता. डहाणू

चि. बाळास,



फोनवर तुझं एकच असतं, 'आत्या, शिफ्टवर आहे, नंतर बोलतो.' ते 'नंतर' काही येत नाही, म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून खिशात टाकू नकोस.

परवा डहाणूच्या बाजारात एक बाई भेटली. तुझ्या ताईला मनोरुग्णांच्या ज्या संस्थेत ठेवलंय, तिथे ती गेल्या पावसापर्यंत स्वयंपाकाला होती. मी कोण हे कळल्यावर आधी गप्प झाली, मग बाजूला घेऊन बोलली. आल्या आल्या बायकांचे केस कापतात म्हणे, उवा होतात म्हणून. सगळ्यांना एकसारखे गाऊन. दिवेलागणीनंतर पाणी देत नाहीत, अंथरूण ओलं होतं म्हणून. जी फार ओरडते तिला ओढणीनं खाटेला बांधतात. रात्री बाहेरून कुलूप, आणि अख्ख्या वॉर्डाला एकच आया.

बाजारातलं बोलणं आहे. तिला कामावरून काढलं असेल, रागाच्या भरात चार गोष्टी वाढवून सांगितल्या असतील. सगळं खरं आहे असं मी धरून चाललेले नाही. पण खोटं तरी कशावरून म्हणू? तू जाऊन आला असतास तर तुला विचारलं असतं आणि निवांत झोपले असते. होळी झाल्यावर तिला तिथे सोडलंस, आता वैशाख सरत आला. एकदाही गेला नाहीस.

'पहिले तीन महिने भेट नाही, पेशंट सेटल व्हायला हवा' असं संस्थेवाले म्हणाले आणि तू सही करून आलास. तो नियम ऐकून तुला बरं वाटलं, बाळा. तुझ्या आवाजात मला ते कळलं, आणि मला त्याचाच राग आला. बोईसरहून मुंबईला जायला तुला वेळ मिळतो, सासुरवाडीच्या लग्नाला मिळतो. तासाभराच्या रस्त्यावर तुझी सख्खी बहीण आहे, तिच्यासाठी का मिळू नये?

असा नियम त्यांना करता येत नाही. तुझी आई, माझी वहिनी, होती तेव्हाच मी वकिलांकडे बसून २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा समजून घेतला होता. भेटायला आलेल्या माणसाला भेटण्याचा, फोनवर बोलण्याचा, पत्र लिहिण्याचा हक्क पेशंटला आहे. स्वतःचे कपडे घालण्याचा आहे. जबरदस्तीनं केस काढता येत नाहीत. पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू द्याव्याच लागतात, झाडूपोछाची सक्ती करता येत नाही, आणि कुणी काम केलं तर त्याचे पैसे द्यायचे असतात. साखळीला तर पूर्ण बंदी. एकटीला खोलीत कोंडता येत नाही. बांधायचं झालं तर लगेच कुणाला इजा होईल अशी वेळ असली आणि दुसरा काही इलाजच नसला तरच, तेही मानसोपचार डॉक्टरांच्या परवानगीनं, कागदावर नोंद करून, आणि गरज असेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. पेशंटचा जो नेमलेला प्रतिनिधी असतो त्याला चोवीस तासांच्या आत कळवावं लागतं. ताईचा तो प्रतिनिधी कोण आहे? तू आहेस का? कागदावर कुणाचं नाव घातलंय ते तरी बघितलंस का?

संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हेही विचार. नोंदणीशिवाय अशी जागा चालवता येत नाही. तक्रारच करायची वेळ आली तर पुनरावलोकन मंडळ असतं. पण ते सगळं पुढचं. आधी तू जाऊन ये.

पाण्याचं ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ताई लिथियमवर आहे. वहिनी तिचा माठ कसा भरलेला ठेवायची, आठवतं ना? एवढ्या उन्हात घाम जातो, त्यात पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चालताना तोल जातो, बोलणं जड होतं. बघणाऱ्याला वाटतं नाटक करतेय, नाहीतर आजारच उलटलाय, आणि मग अजून गोळ्या देतात. अंगदुखीची साधी गोळीसुद्धा तिला डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाही. तिची लिथियमची रक्ततपासणी शेवटची कधी झाली? फाईल मागून घे. दाखवणार नाही म्हणाले तर तिथेच उभा राहा.

रात्रीच्या कुलपाचंही तेच. तू लहान होतास, तुला आठवणार नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला अशाच एका खाजगी आश्रमाला पहाटे आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. तुझ्या वडिलांनी, दादांनी, मोठ्यानं वाचायला घेतलेला पेपर मध्येच मिटला, कारण ताई समोर चहा घेत बसली होती. तिचा आजार तेव्हा नवा होता. त्या दिवसापासून दादा म्हणत, हिला कुठे ठेवायची वेळ आली तर आधी दार बघीन. आता दादा नाहीत. दार तुला बघायचंय.

तुला अण्णाकाकांचं कधी कुणी नीट सांगितलं नाही. माझे धाकटे काका, वाडीत चिकूची कलमं बांधायला त्यांच्यासारखा हात नव्हता. आपल्या भागातला माणूस बिघडला की ठाण्याला न्यायचे, १९०१ पासूनचं ते इस्पितळ. अण्णाकाकांना कुणाच्या तरी ओळखीनं आणखी लांब, दुसरीकडे ठेवलं. मी तेव्हा कोसबाडला अनुताई वाघांकडे बालवाडीचं शिकत होते. सुट्टीत बाबांबरोबर त्यांना भेटायला गेले. डोकं भादरलेलं, अंगात कुणाचातरी सदरा, आणि लेंग्याची नाडी काढून घेतलेली. पूर्ण वेळ एका मुठीत लेंगा धरून उभे होते. बाबांनी चिकू पुढे केले तर एकाच हातानं घेतले. 'कलमं बांधली का?' एवढंच विचारलं. बाबा म्हणाले, दिवाळीला नेतो.

दिवाळी आली नि गेली. माझी स्थळं बघणं चालू होतं. घरात असा माणूस आहे हे बाहेर कळू नये म्हणून सगळे गप्प बसले. पुढे मला नोकरी लागली, पगार हातात यायला लागला. एसटीत बसून मी एकटी जाऊ शकले असते. गेले नाही. मग एक दिवस पोस्टकार्ड आलं. ती नाडी बांधून द्यायलाही आमच्यातलं कुणी तिथे गेलं नाही, हे आजही मला बोचतं. तुझ्या वाट्याला असं काही येऊ नये, म्हणून एवढं बोलते आहे.

तेव्हा जा. आधी फोन करून जाऊ नकोस. जेवणाच्या वेळेला जा, ताटात काय पडतं ते दिसेल. ताईला घेऊन अंगणात बस, आणि कुणी शेजारी येऊन उभं राहिलं तर त्यांना नम्रपणे सांग, आम्हा बहीणभावाला जरा बोलायचंय. माझं आयुष्य बालवाडीत गेलं. पोराला घरी कसं वागवतात हे त्यानं सांगावं लागत नाही, नखं आणि कानामागची बाजू सांगते. तिची नखं बघ. टाचा बघ. बांगड्या भरतोयस असं करून मनगटं बघ, वळ असले तर दिसतील. मोरीत जाऊन ये, पाणी आहे का, साबण आहे का, आतून कडी लागते का. त्यांच्या तोंडी तिचं नाव आहे की नुसतं 'ए', ते ऐक. आणि जिला भेटायला कुणीच येत नाही अशी एखादी कोपऱ्यात बसलेली असेल, तिच्याकडेही बघ. संस्था कशी आहे ते तिच्याकडे बघून कळेल. ज्याचं माणूस येतं त्याला जरा बरं ठेवतात, ही जगाची रीत आहे. म्हणून तर सारखं म्हणते, तू जा.

तिथल्या आयांवर मात्र चढू नकोस. तलासरी-जव्हारकडच्या गरीब पोरी असतील, बारा-बारा तास उभ्या. वॉर्डभर बायका रात्री एकटीनं सांभाळायच्या, कुणी मारतं, कुणी थुंकतं, आणि पगार किती ते देव जाणे. अशी थकलेली मुलगी बांधायला जाते तेव्हा तिच्या जोडीला दुसरी का नव्हती, हे चालकांना विचार. त्या मुलीला नाव विचार, वाडीतले चिकू दे, 'माझ्या बहिणीची वेणी कोण घालतं?' असं विचार. बघ, ती ताईबद्दल फाईलपेक्षा जास्त सांगेल.

चांगलं काम होतच नाही असं नाही. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावर भरकटलेल्यांना आणते, बरं करते आणि त्यांचं गाव शोधून घरी पोचवते. २०१८ ला त्यांना मॅगसेसे मिळालं तेव्हा वहिनीनं पेढे वाटले होते, जणू घरातल्याच कुणाला मिळालंय. स्वतःचं नावही न आठवणाऱ्यांना तिथे घर शोधून देतात. आपल्या ताईला नरपडचं घर पाठ आहे. विहिरीच्या किती पायऱ्या, कुठल्या झाडाला आधी चिकू लागतो, सगळं.

आता जरा शांतपणे सांगते. तिला तिथे ठेवलंस यात तू काही पाप केलेलं नाहीस. त्या रात्री भरतीच्या पाण्यात ती कमरेपर्यंत उतरली होती, किनाऱ्यावरच्या पोरांनी तिला ओढून आणलं, आणि तू दारात थरथरत उभा होतास. हे मी डोळ्यांनी बघितलंय. वहिनी गेल्यावर वर्षभर तू रात्रपाळी करून आलास की दिवसा ताईच्या खोलीबाहेर चटई टाकून पडायचास. सूनबाई छोटीला घेऊन माहेरी गेली तेव्हा तू कुणाला दोष दिला नाहीस. आईला दिलेला शब्द तू मोडलास असं रात्री तुझ्या मनात येत असेल. नाही मोडलास. 'ताईला टाकू नकोस' असं वहिनी म्हणाली होती. घरातच ठेव, असं ती म्हणाली नव्हती. तिनं स्वतः इतकी वर्षं काढली होती, एकट्या माणसाला हे किती जड जातं ते तिला ठाऊक होतं.

आणि तू का जात नाहीस, हेही मला कळतं. ती 'घरी ने' म्हणेल आणि तुला 'नाही' म्हणावं लागेल, याची भीती वाटते ना? म्हणू दे. 'आज नाही, पुढच्या रविवारी परत येतो' एवढं सांग, आणि रविवारी खरंच जा. रागावली, बोलली नाही, पाठ फिरवून बसली, तरी तिथेच बसून राहा.

नाहीतर असं कर. शनिवारी इकडे ये, मीच बरोबर येते. माझे गुडघे दुखतात त्याची काळजी करू नकोस, रिक्षा सांगून ठेवते. तिच्यासाठी दोन सुती साड्या काढल्यात, वहिनीच्याच आहेत. जागा वाईट निघाली तर तिथूनच तिला घेऊन निघू. पावसाळाभर इथे राहील, मी आहे, शेजारच्या दोघी आहेत, दुसरी जागा सावकाश शोधू. पैशाचं मनात आणू नकोस, वाडीचे आलेत. जागा चांगली निघाली तर चालकांचे आभार मानून येऊ, आणि मी त्या बाजारातल्या बाईचं बोलणं मनातून काढून टाकीन.

तू नीट जेवतोस का? मागच्या खेपेला गळ्याची हाडं दिसत होती. झोप लागत नसेल तर तूही डॉक्टरांशी बोल, १४४१६ या मदतीच्या नंबरवर फुकट बोलता येतं, त्यात लाज कसली. या घरात एकाच माणसाची काळजी करायची असं कुठे ठरलंय?

वर काही कडक लिहिलं गेलं असेल. दादा असते तर ते बोलले असते, आता मीच राहिले आहे. शनिवारी येतोस ना? पत्र मिळालं की फोन कर. रागावला असलास तरी कर.

तुझी,
आत्या