शरशय्येवरील पितामह आणि आपल्या घरचे वृद्ध रुग्ण

भीष्मपर्वातील शरशय्येचा प्रसंग आपण कीर्तनांतून व पुराणांतून अनेकदा ऐकतो. त्यात पितामहांची प्रतिज्ञा आणि इच्छामरण यांवर भर असतो. परंतु रुग्णसेवेचाही एक मोठा पाठ त्यात आहे. घरातील वृद्ध माणसास रुग्णालयात ठेवण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांनी तो अवश्य मनन करावा.

पितामह पडले तेव्हा त्यांचे मस्तक खाली लोंबत होते. त्यांनी उशी मागितली. राजेलोकांनी मऊ व मोलाच्या उशा धावत आणल्या. त्या त्यांनी नाकारल्या. मग अर्जुनाने त्यांची आज्ञा विचारली, त्यांचे मन ओळखले आणि तीन बाणांनी मस्तकास आधार दिला. पितामह संतुष्ट झाले. राजांचे प्रेम कमी होते असे नव्हे. पण त्यांनी सेवा आपल्या मताने केली, अर्जुनाने विचारून केली. वृद्धाचा मान राहतो तो या विचारण्यात.

आज रुग्णालयात काय घडते? डॉक्टर खाटेशी उभे राहून वृद्धाच्या दुखण्याविषयी त्याच्या मुलाशी बोलतात, आणि मुलगाही वडिलांच्या वतीने उत्तरे देतो. अंगावरील वस्त्र बाजूस सारताना पडदा ओढला जात नाही. आधार दिल्यास चालू शकणाऱ्या आजींना केवळ वेळ वाचावा म्हणून खाटेवरच शौचाचे भांडे दिले जाते. यात दुष्टपणा नसतो, घाई असते. तथापि जिने आयुष्यभर घर सांभाळले, तिचे मन अशाने खचते.

ही केवळ मनाची गोष्ट नव्हे. अमेरिकेत डॉ. शॅरन इनोये व त्यांचे सहकारी यांनी सत्तर वर्षे व त्यांवरील ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणे, वार व ठिकाण यांची आठवण देणे, पाणी पाजणे, चालविणे, रात्रीची झोप मोडू न देणे, अशा साध्या सेवेमुळे रुग्णालयात भ्रम होण्याचे प्रमाण शेकडा १५ ऐवजी ९.९ राहिले.

पुढे दुर्योधनाने शल्य काढण्यात निपुण असे वैद्य आणले. पितामहांनी त्यांना द्रव्य देऊन सन्मानाने परत पाठविण्यास सांगितले, आणि तो शब्द पाळला गेला. प्रत्येकाने उपचार नाकारावेत, असा याचा अर्थ नाही; ज्याचा देह, त्याचा शब्द प्रमाण, हा अर्थ आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. असाध्य अवस्थेत कृत्रिम उपायांनी जीव लांबवू नये, असे सज्ञान माणसास शुद्धीत असताना लिहून ठेवता येते. २०२३ साली ही रीत सुलभ झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून लेख साक्षांकित करावा लागतो. तो अमलात आणण्यापूर्वी डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची अवस्था तपासतात. म्हणून वडीलधाऱ्यांची इच्छा ते धडधाकट असतानाच विचारून ठेवणे, हे अशुभ नव्हे. ते कर्तव्य आहे.

शेवटी, युद्ध संपल्यावर धर्मराज त्याच शय्येपाशी राजधर्म विचारावयास गेला. खिळलेला देह पाहून त्याने पितामहांना निरुपयोगी मानले नाही. शांतिपर्व त्यातूनच उभे राहिले. आपणही रुग्णाच्या खाटेशी केवळ औषधाची वेळ विचारू नये. घरातील एखाद्या कार्याविषयी त्यांचा सल्लाही घ्यावा.

मननार्थ प्रश्न :
१. आपल्या घरच्या वृद्धांशी डॉक्टरांनी प्रथम बोलावे, अशी विनंती आपण करतो काय?
२. रुग्णालयात नेण्याच्या पिशवीत त्यांचा चष्मा, कवळी व श्रवणयंत्र असते काय?
३. त्यांची इच्छा काय आहे, हे आपणांस खरोखर ठाऊक आहे, की आपण तसे गृहीत धरले आहे?