लिबरेटर विमानांचा जीर्णोद्धार

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा कानपूरच्या चकेरी विमानतळावर लिबरेटर जातीची अनेक बाँबफेकी विमाने उभी होती. ती अमेरिकेने उधार-पट्टा करारान्वये ब्रिटनला वापरावयास दिलेली होती. युद्धसमाप्तीनंतर ती परत तरी करावयाची किंवा निकामी तरी करावयाची, अशी व्यवस्था होती. परत नेण्याचा खटाटोप कोणासच नको होता. तेव्हा विमानांची मोडतोड करण्यात आली. उपकरणे फोडली गेली, चाकांचे आधार मोडले, इंजिनांत वाळू ओतली गेली, असे तत्कालीन वर्णनांत आढळते.

पुढे दोनच वर्षांत परिस्थिती पालटली. काश्मीरमधील युद्धात भारतीय हवाई दलापाशी जड बाँबफेकी विमान नव्हते. मालवाहू डाकोटाच्या दारातून बाँब ढकलून देण्यापर्यंत पाळी आली होती. १९४८ मध्ये बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याकडे कानपूरच्या या भंगाराची पाहणी सोपविण्यात आली. कारखान्याच्या लोकांनी जी योजना आखली ती साधी, पण धाडसाची होती. प्रत्येक विमान कानपुरातच एका उड्डाणापुरते ठाकठीक करावयाचे, ते उडवीत बंगलोरला न्यावयाचे आणि तेथे त्याची संपूर्ण दुरुस्ती करावयाची. अर्धवट दुरुस्त झालेली ही विमाने बंगलोरपर्यंत नेण्याचे काम कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. अशा रीतीने चाळीसच्या आसपास विमाने सेवेत आली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूर येथे पाचवी स्क्वॉड्रन उभी राहिली. पुढे सहाव्या स्क्वॉड्रनने पुण्याच्या तळावरून सागरी टेहळणीसाठी हीच विमाने वापरली. ती १९६८ मध्ये निवृत्त झाली, तोपर्यंत जगातील इतर हवाई दलांनी लिबरेटर कधीच मोडीत काढले होते.

हे साधले कसे? एकाच जातीची पुष्कळ विमाने एका ठिकाणी पडलेली होती, त्यामुळे एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लावता आला, हे एक कारण होय. परंतु अधिक महत्त्वाचे कारण इंजिनात आहे. लिबरेटरला प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे ‘ट्विन वास्प’ हे चौदा सिलिंडरांचे, सुमारे १२०० अश्वशक्तीचे इंजिन असे. डाकोटालाही त्याच घराण्यातले इंजिन असते. या इंजिनाची एक लाख सत्तर हजारांहून अधिक नगसंख्या तयार झाली. उपप्रकार भिन्न असल्याने, विशेषतः लिबरेटरवरील टर्बो यंत्रणेमुळे, सर्वच भाग परस्परांना चालत नसत. तरीही या इंजिनाची ओळख असलेले कारागीर आणि त्यांची हत्यारे देशात होती, ही गोष्ट लहान नव्हे.

जेथे अशी अनुकूलता नसते, तेथे अडचण कशी येते ते टेम्पेस्ट विमानावरून दिसेल. हेही भारतीय हवाई दलाचे. त्याचे अनेक सांगाडे १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील संग्राहकांनी भारतातून नेले. सांगाडे मिळाले, पण त्याचे ब्रिस्टल सेंटॉरस हे अठरा सिलिंडरांचे इंजिन दुर्मीळ. त्यात नेहमीच्या झडपांऐवजी सिलिंडरात फिरणारी सरकती नळी असते. तिचे माप केसभरही चुकून चालत नाही. याच इंजिनाच्या सी फ्यूरी विमानांत अमेरिकेतील काही मालकांनी सरळ अमेरिकी इंजिने बसविली. विमान उडते, पण ते तेच विमान राहते काय, असा प्रश्न उरतोच.

इंजिन हाती लागले म्हणजे काम संपले असेही नाही. तारकाकृती इंजिन दीर्घकाळ उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचते. तेल दाबले जात नसल्यामुळे तशा स्थितीत इंजिन सुरू केल्यास दट्ट्याचा दांडा वाकतो. म्हणून आधी पंखा हाताने फिरवून पाहावा लागतो. संपूर्ण दुरुस्तीत इंजिनाचा प्रत्येक भाग सुटा करतात. पोलादी भागांतील सूक्ष्म भेगा चुंबकीय भुकटीने शोधतात, झीज मोजतात आणि मर्यादेबाहेर गेलेला भाग टाकून देतात. शिवाय ज्या भागाबरोबर त्याचा कागदोपत्री इतिहास नाही, तो कितीही चकचकीत असला तरी वैमानिकाने त्यावर विश्वास टाकू नये.

भारतात पडून असलेले एक लिबरेटर १९८१ मध्ये ब्रिटनला आणि तेथून अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेले. ते केवळ मांडून ठेवण्याचा मूळ बेत होता. युद्धात भाग घेतलेल्या वृद्ध सैनिकांच्या आग्रहामुळे ते उडते करावयाचे ठरले आणि १९८९ मध्ये ते उडाले. हा आग्रह समजण्याजोगा आहे. परंतु याच संस्थेचे बी-१७ विमान २ ऑक्टोबर २०१९ रोजी कनेक्टिकटमधील ब्रॅडली विमानतळावर कोसळून सात जण मृत्युमुखी पडले. चौकशीत एका इंजिनाच्या मॅग्नेटोतील बिघाड आणि झिजलेले प्लग आढळले. अपुऱ्या देखभालीमुळे दोन इंजिनांची शक्ती कमी झाली होती, आणि एक इंजिन बंद केल्यानंतर वैमानिकाने वेग व रचना नीट सांभाळली नाही, असा निष्कर्ष निघाला. देखभालीचा प्रमुख तो वैमानिकच होता. त्यानंतर या संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेण्यात आली. जुन्या विमानात प्रवासी बसवावेत काय, याविषयी माझे मत तेव्हापासून प्रतिकूल आहे.

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळासाठी वापरतो. देवळाचे दगड बदलले तरी देवस्थान तेच राहते. विमानाच्या बाबतीत इतके निःशंक होता येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये एक डाकोटा इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीहून निघून जामनगरला उतरली. आयर्लंडमध्ये भंगारात पडलेले हे विमान राजीव चंद्रशेखर यांनी दुरुस्त करवून हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील डाकोटाचे वैमानिक होते. ‘परशुराम’ असे त्याचे नामकरण झाले आणि त्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक रंगविण्यात आला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा हा क्रमांक. ते विमान हे नव्हे. इंजिने मात्र त्याच घराण्यातली आहेत.