'वाडा चिरेबंदी'तील प्रभा

(द्वितीय वर्ष कला)

पाथर्डी तालुक्यातील आमच्या गावच्या वाड्यात माझे आजोबा सालगडी होते. आमच्या घरच्यांना वाडा ठाऊक होता तो ओसरीपर्यंतच. आत काय चालत असेल, या कुतूहलाने मी महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक वाचावयास घेतले.

विजया मेहता यांनी १९८५ साली हे नाटक रंगभूमीवर आणले. पुढे 'हवेली बुलंद थी' हा त्यावरील हिंदी चित्रपटही त्यांनीच केला. विदर्भातील धरणगावकर देशपांड्यांच्या घरी तात्याजी वारले आहेत. १९५८ च्या कूळकायद्याने विदर्भात कसणाऱ्यास जमिनीचा हक्क मिळाला व अशा घराण्यांचा पाया खचला, ही या कथेमागील पार्श्वभूमी होय. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. धाकटा चंदू घरातच गड्यासारखा राबतो आहे. तरीही तेराव्याचे गावजेवण थाटात झालेच पाहिजे, कारण प्रश्न घराण्याच्या अब्रूचा!

लुकिनो व्हिस्कोन्ती यांच्या 'इल गातोपार्दो' (१९६३) या इटालियन चित्रपटातही सिसिलीतील एक उमराव घराणे असेच मावळते. परंतु तेथील उमराव काळाची पावले ओळखतो आणि भाच्याचे लग्न नवश्रीमंताच्या मुलीशी ठरवतो. देशपांड्यांना तेवढेही वाकता येत नाही.

या न वाकण्याची सर्वांत मोठी किंमत मोजते ती प्रभा. तिला शिकावयाचे होते, बुद्धीही होती. पण घराण्याच्या प्रतिष्ठेपुढे तिचे शिक्षण थांबले आणि ती वाड्यातच कुढत राहिली.

माझ्या आत्याची शाळा चौथीत सुटली. ऊसतोडीच्या टोळीबरोबर जावे लागले म्हणून. प्रभाची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने विचारले, "त्यांच्या घरात भाकर व्हती ना गं? मग का न्हाई शिकवली?"

या प्रश्नाने मी निरुत्तर झाले. गरिबीनेच शिक्षण अडते, असे मी समजत होते. बडेजावही ते तितक्याच निर्दयपणे अडवतो, हे मला या नाटकाने दाखविले. कसणाऱ्याची बाजू त्यात नाही, ही उणीव मला जाणवली. तरीही पडत्या वाड्याविषयी नाही, पण त्यात अडकलेल्या प्रभाविषयी मला मनापासून हळहळ वाटली. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आत्याबरोबर आता प्रभाचीही मला आठवण राहील.